चित्र पाहावे घेऊन

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असं आपले पूर्वज सांगून गेले. चित्र पाहावे विकत घेऊन, असं मात्र त्यांच्यापैकी कुणी सांगून गेलं नाही. त्यामुळे आपण चित्र नुसतं पाहतो. पाहतो, मान तिरकी करतो, दोन पावलं मागे सरतो, मागच्या गृहस्थांच्या पायावर पाय देतो, 'सॉरी' म्हणतो, मग चित्राखाली चिकटवलेलं कार्ड वाचतो आणि 'अबब!' म्हणतो. कलास्वाद म्हणतात तो हाच.

आता तुम्ही विचाराल की चित्रकलेवर लिहिण्याचा तुम्हाला अधिकार काय? अजिबात नाही. मी बी.कॉम. आहे आणि बँकेत कारकून आहे. मार्च २०२४ च्या करारापासून आम्हाला 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' म्हणायचं ठरलं आहे. पण काउंटरपलीकडची म्हातारी अजून 'ओ क्लार्कसाहेब' म्हणूनच हाक मारते, आणि पगाराला नवीन हुद्दा अजून कळलेला दिसत नाही. शाळेत मी काढलेला आंबा ड्रॉइंगच्या मास्तरांनी वांगं समजून पास केला होता. तेवढाच माझा कलेशी संबंध.

परंतु चित्रांवर लिहिणारे समीक्षक मी वाचतो. ते अवकाशाबद्दल लिहितात, पोताबद्दल लिहितात, रेषेच्या लयीबद्दल तर इतकं लिहितात की तबलजी बोलवावासा वाटतो. पण कार्डावरच्या शेवटच्या ओळीबद्दल, म्हणजे किमतीबद्दल, एक अक्षर लिहीत नाहीत. आणि प्रदर्शनात येणारा प्रत्येक माणूस तेवढी एकच ओळ वाचतो! ही रिकामी जागा भरायला वाणिज्य शाखेचा पदवीधर चालायला हरकत नसावी.

मी राहतो कोल्हापुरात. गावाला लाडानं 'कलापूर' म्हणतात. आबालाल रहिमान आणि बाबूराव पेंटर यांचं हे गाव. सिनेनट चंद्रकांत मांडरे यांच्या चित्रांचं संग्रहालय राजारामपुरीत आहे. आमच्याकडे चार घरं ओलांडली की एक पैलवान आणि एक चित्रकार लागतोच. पैलवानाला खुराक लागतो, हे गावाला मान्य आहे. दूध, तूप, बदाम यांचा खर्च विचारून कुणी 'अबब' म्हणत नाही. चित्रकारालाही खुराक लागतो, हे मात्र अजून गावाच्या गळी उतरायचं आहे.

दसरा चौकातल्या शाहू स्मारक भवनात कलादालन आहे. बँक सुटल्यावर माझी तिथं एक चक्कर असते. तिथं दाराशी टेबलावर दोन वह्या ठेवलेल्या असतात. एक अभिप्रायाची, दुसरी पावत्यांची. अभिप्रायाची वही दुसऱ्याच दिवशी भरत येते. 'अप्रतिम!', 'असेच पुढे चालू ठेवा!', 'निःशब्द!' असं लिहिलेलं असतं. निःशब्द झालेला माणूस त्याखाली पाऊण पान आणखी लिहितो, सहीखाली मोबाइल नंबर देतो. पावतीपुस्तक मात्र खरोखरच निःशब्द असतं.

एवढं आवडतं तर घेत का नाहीत? 'महाग आहे हो!' कशाच्या मानानं महाग, याचा मी पुष्कळ विचार केला आणि उत्तर घरच्या भिंतीवरच्या खिळ्यात सापडलं. त्या खिळ्याला आजवर जे जे लटकलं, ते सगळं फुकट आलेलं होतं.

राजा रविवर्मांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला आणि लक्ष्मी-सरस्वती राजवाड्यातून निघून चाळीत राहायला आल्या. पुढं दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांनी दिवाळी अंकांची मुखपृष्ठं रंगवली. आपल्या आईवडिलांनी अंक वाचून रद्दीत घातला आणि मुखपृष्ठ कापून फ्रेमीत घातलं. आमच्या कोल्हापूरच्या पी. सरदारांनी कॅलेंडरांवर देव आणले. ते किराणा दुकानदारानं डाळ-तांदळाबरोबर पिशवीत घातले. आमची बँकही दर वर्षी कॅलेंडर वाटते. डिसेंबरात जेवढी माणसं कॅलेंडर मागायला येतात, तेवढी एखाद्या मार्चमध्ये हप्ता भरायला आली तर आमचे मॅनेजर आनंदानं चित्रकार होतील!

पण वाणिज्याचा पहिला धडा असा की, फुकट काही नसतं. त्या चित्राचे पैसे दुकानदार भरत होता आणि तुरीच्या डाळीत वसूल करत होता. चित्राचा खर्च हजारो प्रतींवर वाटला जायचा, त्यामुळे तुमच्या वाट्याला आलेले चार-आठ आणे तुम्हाला दिसत नसत. प्रदर्शनातल्या चित्राची प्रत एकच असते आणि सगळं बिल एकाच माणसाच्या अंगावर येतं. म्हणून तो 'अबब' म्हणतो. चित्र महाग झालेलं नसतं. वर्गणीदार पळून गेलेले असतात.

आमच्या पेठेत एक चित्रकार राहतात. सगळे त्यांना मास्तर म्हणतात, मीही म्हणतो. पंचगंगेचा घाट, जुने वाडे, पावसातला पन्हाळा असं ते रंगवतात. त्यांच्या प्रदर्शनात २४ बाय ३० इंचांच्या एका तैलचित्राखाली अठरा हजार रुपये लिहिलेले पाहून मी म्हणालो, ''मास्तर, जरा जास्तच होतंय की.''

मास्तर शांतपणे म्हणाले, ''साहेब, तुम्ही बँकेतली माणसं. तुम्हीच मांडा की हिशेब. मला काय गणित येत नाही, येत असतं तर चित्रं काढली असती का?''

मग आम्ही निमंत्रणपत्रिकेच्या पाठीवर हिशेब मांडला. कॅनव्हास, रंग, ब्रश, तेल मिळून बावीसशे. फ्रेम अडीच हजार. म्हणजे एका चित्रामागं चार हजार सातशे. अशी पंचवीस चित्रं, म्हणजे एक लाख साडेसतरा हजार. हॉलचं भाडं, पत्रिका, बॅनर, चित्रं न्यायला-आणायला टेम्पो, उद्घाटनाचा चहा, पेढे आणि पाहुण्यांचा नारळ-शाल मिळून तीस हजार. एकूण एक लाख सत्तेचाळीस हजार पाचशे.

''किती विकली जातात?'' मी विचारलं.

''चार. गेल्या साली चार गेली. त्यातलं एक मेव्हण्यानं घेतलं.''

चार अठरे बहात्तर. तोटा साडेपंचाहत्तर हजार. उरलेल्या एकवीस चित्रांना आमच्या शास्त्रात 'क्लोजिंग स्टॉक' म्हणतात. त्याचं मूल्य लागवडीची किंमत आणि बाजारात मिळेल ती किंमत यांपैकी कमी असेल ते धरायचं. मास्तरांच्या घरी तो स्टॉक कपाटामागं, कॉटखाली आणि धाकट्याच्या अभ्यासाच्या टेबलामागं आहे. बाजारभाव तुम्हीच काढा. बरोबरीला यायचं तर नऊ चित्रं विकली गेली पाहिजेत. आणि या सगळ्या हिशेबात मास्तरांच्या वर्षभराच्या मजुरीचा रकाना मी अजून उघडलेलाच नव्हता! तो उघडला आणि हळूच मिटून टाकला. मास्तरांचं घर चालतं ते एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या पोरांच्या क्लासवर. म्हणजे वांगं काढायला शिकवायचं आणि त्या पैशातून घाट रंगवायचा.

वस्तू विकणाऱ्याला वर्षाला चाळीस लाखांच्या उलाढालीपर्यंत साधारणपणे जीएसटीची नोंदणी लागत नाही, आणि सप्टेंबर २०२५ पासून हातानं काढलेल्या चित्रांवरचा हा कर बारा टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आला, ही आनंदाची बातमी मी मास्तरांना दिली. चाळीस लाख हा आकडा ऐकून ते इतके हसले की डोळे पुसायला त्यांना ब्रशचं फडकं घ्यावं लागलं.

आता फोटोवाले. चित्रकाराबद्दल लोकांना निदान थोडी दया असते. फोटोवाल्याबद्दल तीही नाही. 'बटण दाबायचे सहा हजार?' असं विचारणाऱ्याच्या खिशात तीस हजारांचा फोन असतो आणि त्यानं सकाळपासून चाळीस फोटो काढलेले असतात. त्यातले अडतीस त्याच्या स्वतःचे असतात.

बटण दाबायचे पैसे नसतातच. त्रिपुरारी पौर्णिमेच्या पहाटे पंचगंगेच्या घाटावर पणत्या लागतात. ती पहाट वर्षातून एकदा येते. त्या दिवशी ढग आले, वारा सुटला किंवा ऐन क्षणी कुणी काका टॉर्च लावून चप्पल शोधायला लागले, की पुढचा हप्ता वर्षानं. कॅमेऱ्याचा घसारा वेगळाच. आमच्या शास्त्राप्रमाणे यंत्राची किंमत वर्षागणिक कमी होते. कॅमेऱ्याची तर दुकानाबाहेर पाऊल टाकताच होते. सहा हजारांच्या फोटोत टिकाऊ कागद, छपाई, माउंट आणि फ्रेम यांनीच निम्मे खाल्लेले असतात. उरलेल्या निम्म्यात ती पहाट, तिच्या आधी हुकलेल्या पहाटा आणि कॅमेऱ्याचा हप्ता बसवायचा. हे गणित माझ्यानं सुटलं नाही.

पण म्हणून सगळ्याच किमती रास्त आहेत, असं मी म्हणणार नाही. कारकून झालो तरी ऑडिट करायचा हक्क सोडलेला नाही.

पहिली हरकत चौरस इंचावर. काही चित्रकार 'इंचाला अमुक' असा भाव लावतात. त्यात सोय आहे हे खरं. परंतु चित्र म्हणजे गुंठेवारीचा प्लॉट नव्हे. लहान चित्रात जीव असतो आणि मोठ्यात नुसतं आकाश, असं कित्येकदा दिसतं. तिथं आकाशाचे पैसे घेऊ नयेत. एका प्रदर्शनात तर मापात माउंटही धरलेला होता. कार्पेट एरिया किती आणि सुपर बिल्टअप किती, असं विचारायचं ओठावर आलं होतं!

दुसरी हरकत 'किंमत : कृपया विचारावी' या पाटीवर. गुजरीत सोन्याचा भाव विचारा, खडाखड सांगतील. बँकेत व्याजाचे दर भिंतीवर लागतात. मग चित्रावरच बुरखा कशाला? पहिल्या दिवशी पंचवीस हजार आणि शेवटच्या दिवशी टेम्पो दारात आल्यावर नऊ हजार, हा व्यवहार आधी घेतलेल्या माणसाचा अपमान करणारा आहे. तीच गत लाल टिकलीची. चित्र विकलं गेलं की कार्डावर लाल टिकली लावतात. काही कलावंत गर्दी ओढायला स्वतःच दोन-चार टिकल्या लावून ठेवतात. आपल्याच पासबुकात आपणच एंट्री करण्यासारखं आहे हे.

तिसरी हरकत फोटोखालच्या आकड्यावर. एका फोटोखाली पेन्सिलीनं '१/१०' लिहिलेलं होतं. मी आधी समजलो, एक ऑक्टोबरला काढलेला असावा. मग कळलं की याच्या दहाच प्रती निघणार आणि ही पहिली. म्हणून किंमत जास्त. उत्तम! परंतु तोच फोटो मला पुढं एका हार्डवेअरच्या दुकानाच्या कॅलेंडरवर भेटला. नोटेवर जसं गव्हर्नरसाहेबांचं वचन असतं, तसं '१/१०' हेही वचन आहे. ते पाळायचं नसेल तर खुशाल हजार प्रती काढाव्यात आणि दोनशे रुपयांना विकाव्यात. त्यात कमीपणा नाही; खुद्द रविवर्मांनी तेच केलं. पण कॅलेंडरचं चित्र दुर्मीळ म्हणून विकू नये.

आणि चौथी हरकत रंकाळ्यावर. रंकाळ्याच्या काठचा सूर्यास्त, जोतिबाचा गुलाल, तालमीतली लाल माती आणि सुरकुत्या पडलेला फेटेवाला म्हातारा, एवढ्या चार गोष्टींवर आमच्या गावचे निम्मे फोटोवाले जगतात. गुलाल मुळात गुलाबीच असतो. त्याला संगणकावर आणखी गुलाबी केला की डोळे चुरचुरतात. सूर्य रोज मावळतो म्हणून रोज फोटो काढायलाच पाहिजे असं नाही. दहा जणांनी काढलेलं चित्र अकरावा काढतो, तेव्हा त्यानं दहाव्यापेक्षा काहीतरी जास्त पाहिलेलं असावं. मास्तरांच्या घाटाच्या चित्रात पायऱ्यांवर वाळत घातलेलं एकच पातळ आहे, आणि ते अजून ओलं आहे हे कळतं. अठरा हजार मागायचा हक्क त्या ओलेपणातून येतो.

कुणी लिलावांचे दाखले देतात. वासुदेव गायतोंडे यांचं एक चित्र २०२१ मध्ये जवळजवळ चाळीस कोटींना गेलं. पंढरपुरात जन्मलेल्या हुसेनांचं १९५४ सालचं 'ग्राम यात्रा' मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कला सुमारे एकशे अठरा कोटींना गेलं. 'तिकडं एवढं, मग आमचं दीड लाख काय जास्त?' असा युक्तिवाद मी कलादालनात ऐकला आहे. पण गायतोंडे २००१ मध्ये आणि हुसेन २०११ मध्ये गेले. त्या कोटींतून त्यांना चहासुद्धा मिळायचा नव्हता. ते पैसे एका मालकाकडून दुसऱ्या मालकाकडं गेले. आमच्या भाषेत, शेअर बाजारातला जुना शेअर विकला गेला, कंपनीला दमडी नाही. आपल्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीनं कलम ५३-अ आलं. मूळ चित्र दहा हजारांच्या वर पुन्हा विकलं गेलं, तर त्या पैशात चित्रकाराचा किंवा त्याच्या वारसांचा वाटा, जास्तीत जास्त दहा टक्के. कलम फार सुरेख आहे. फ्रेम करून भिंतीला लावावं असं आहे. मास्तरांना विचारलं, तर ते म्हणाले, ''आधी पहिल्यांदा विकू द्या की, साहेब.''

लिलावाचे आकडे वाचून चित्र घेऊ नये, आणि ते वाचून भावही लावू नये. आमच्या शाखेत सोनं तारण ठेवायला सराफ येतो, कसाला लावतो, वजन करतो. चित्र तारण ठेवायला अजून कुणी आलेलं नाही. आलं तर कस कुठल्या दगडावर लावायचा? गुंतवणूक करायची तर मुदत ठेव आहे. मी फॉर्म भरून देतो. चित्र पाहण्यासाठी घ्यावं.

मग रास्त किंमत कुठली? जून २०२५ मध्ये गावात घडलेली गोष्ट सांगतो. मिलानच्या एका फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीनं थेट कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि आधी कोल्हापूरचं नावही घेतलं नाही. त्यांची किंमत लाखाच्या घरात असणार, अशी चर्चा झाली. आम्ही सगळे खवळलो. 'आमच्या कारागिराच्या हाताची किंमत काय कळणार त्यांना!' अशी भाषणं चहाच्या गाड्यावर झाली. मीही एक केलं. पुढं कंपनीनं कोल्हापूरची प्रेरणा मान्य केली. त्याच आठवड्यात, तेच भाषण केलेले आमचे हेडकॅशियर महाद्वार रोडला चपला घ्यायला गेले आणि बाराशेची जोडी सातशेला मागत पाऊण तास उभे राहिले! परक्यानं लाख घेतले की आपल्याला कारागिराचा हात आठवतो. आपल्याला बाराशे द्यायचे असले की फक्त पाय आठवतो.

तेव्हा माझ्या मते रास्त किंमत म्हणजे खुराकाची किंमत. जी मिळाली असता चित्रकार पुढचं चित्र काढू शकेल, ती. समोरच्या चित्राचा खर्च होऊन गेलेला असतो. आपण पैसे देतो ते अजून न काढलेल्या चित्राचे. शाहू महाराजांनी पैलवान पोसले, तसेच आबालाल रहिमान दरबारी चित्रकार म्हणून पोसले. १९२२ मध्ये महाराज गेले, तेव्हा आबालालनी आपली कितीतरी चित्रं कोटितीर्थ तलावात बुडवली, असं गावात सांगतात. पुढचं चित्र कुणासाठी काढायचं, हा प्रश्न माणसाला कुठवर नेतो, ते त्या तलावाकाठी उभं राहिलं की कळतं. मास्तर काही तलावाकडं जाणारे नव्हेत. ते यंदा एवढंच म्हणाले, ''पुढच्या साली प्रदर्शन नाही, साहेब. क्लासची एक बॅच वाढवलीय.'' म्हणजे अठरा हजार जास्त आहेत का, हा प्रश्न पुढच्या वर्षी विचारायलाच नको.

हे घरी सांगितलं तेव्हा आमची ही भाजी निवडत होती. ती म्हणाली, ''एकट्या महाराजांनी दिलं ते तुम्ही बाराजण मिळून देऊ नका काय? भिशी लावा की.''

बी.कॉम. मी आहे, पण हिशेब तिचा. बारा जण, महिन्याला दीड हजार, म्हणजे अठरा हजार. दर महिन्याला एकाच्या नावाची चिठ्ठी निघेल आणि त्याच्या घरी एक चित्र जाईल. वर्षाला बारा चित्रं, दोन लाख सोळा हजार. खर्च वजा जाता मास्तरांची वर्षाची मजुरी अडुसष्ट हजार पाचशे, म्हणजे महिन्याला सत्तावन्नशेच्या आसपास. एवढ्यात पैलवान काय, पैलवानाची म्हैससुद्धा जगायची नाही. आणि मी म्हणत होतो, जरा जास्तच होतंय!

यादी घेऊन बँकेत फिरलो. आठ जण झाले. हेडकॅशियर बराच वेळ यादीकडं बघत राहिले. व्याज किती, म्हणाले. नाही म्हटलं. मुदतीनंतर काय मिळणार, म्हणाले. भिंतीवर चित्र, म्हटलं. मग त्यांनी कोल्हापुरातल्या कुठल्याही भिशीबद्दलचा खरा प्रश्न विचारला : ''जेवण हाय का?''

''आहे,'' मी म्हणालो. ''तांबडा-पांढरा, मास्तरांच्या घरी, स्टॉकसमोर बसून.''

त्यांनी सही केली. नऊ झाले. बरोबरीला आलो, खुराकाला अजून तीन सह्या हव्या आहेत.